ऐकणारीची खुर्ची

लोकरीच्या सुया एकमेकींवर आपटल्या की टिक् टिक् असा बारीक आवाज होतो. लग्न होऊन ही घरात आली, तेव्हा तो मी पहिल्यांदा ऐकला. भिंतीत किडा लागला असं वाटून चप्पल हातात घेऊन उठलो, तर ही अंधारात बसून विणत होती. तिला विणायला उजेड लागत नसे. पुढं जन्मभर त्या आवाजावर मला झोप लागत गेली. ती गेली, आवाज थांबला. निदान मला तसं वाटलं होतं.

नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची गोष्ट सांगतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, खाली हसण्याखिदळण्याचा नुसता गलका. मी चहाचा कप घेऊन वर नातीच्या खोलीत गेलो. सारखी बोलते म्हणून आजीनं तिचं नाव टकळी ठेवलं होतं. त्या दुपारी मात्र टकळी गप्प होती. पडदे ओढून कॉम्प्युटरसमोर बसली होती.

माझं शिक्षण बेताचं. तिनं मला तिचं काम समजावलं होतं ते असं. मोठमोठ्या इस्पितळांची, कचेऱ्यांची माहिती दूर एका कोठारात ठेवलेली असते. त्यात असंख्य कप्पे. कुठल्या मशीननं कुठला कप्पा उघडायचा, हे ठरवून त्याला तशी किल्ली देणारं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीचं. त्यातल्या चुका टकळी काढते. आज एका इस्पितळाच्या कप्प्यात कुणीतरी ढवळाढवळ करत होतं. एका रोग्याचे तपासणीचे फोटो दुसऱ्याच्या नावावर जात होते. संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही, तर तिला त्या कोठाराच्या गावी निघावं लागणार होतं. म्हणजे उद्याचं लग्न हुकलंच.

फोनवर होणारा नवरा होता. "येते आहेस ना उद्या? का मी एकटाच उभा राहू?"

"एकटाच राहा. सवय होईल," ती म्हणाली. हसली, पण डोळे भरले होते.

फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आजोबा, बसा जरा. मी मोठ्यानं बोलते, तुम्ही नुसतं हं म्हणा. आमच्या कामात असंच करतात. ज्याला काही कळत नाही त्याला सांगता सांगता चूक सापडते."

"मग माझ्यासारखा माणूस शोधून मिळायचा नाही."

"आधी आजी होती," ती हळूच म्हणाली.

खरंच होती. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून विणायची आणि ऐकायची. तिला त्यातलं अवाक्षर कळत नसे. पण सांगता सांगता टकळीचा आवाज जरा डळमळला, की हिच्या सुया थांबत. चूक बहुतेक तिथंच निघे. खुर्ची अजून तिथंच होती. टकळीच्या लग्नासाठी विणायला घेतलेली, अर्धीच राहिलेली शाल सुयांसकट तिच्यावर ठेवलेली. शेजारी राखाडी लोकरीचा गोळा, माझ्या स्वेटरचा. "आधी पोरीची शाल, मग तुमचा स्वेटर. घाई करू नका," असं म्हणायची. त्या खुर्चीत मी कधी बसलो नाही. पलंगावर टेकलो.

टकळी बोलू लागली. मी हं म्हणत राहिलो. बाहेर आभाळ भरून आलं, खोली काळोखली. आणि मला डांबरगोळ्यांचा वास आला. हिची लोकर असायची त्या पेटीचा वास. मग...

टिक्. टिक्.

माझी मान काही वळेना.

"हे जुनं मशीन आपण काढून टाकलं," टकळी सांगत होती. "यादीतून नाव पुसलं. म्हणजे ते आता नाहीच. म्हणून त्याचा कप्पा इस्पितळाला दिला, आणि..."

सुया थांबल्या.

टकळीही थांबली.

"आजोबा... ऐकलंत?"

"हं."

मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नाव पुसलं, पण किल्ली परत घेतलीच नाही. आपण समजतोय की ते नाहीच... आणि ते कुठंतरी चालूच आहे. येऊन आपला जुना कप्पा उघडतंय."

तिची बोटं भराभर चालू लागली. "त्याची किल्ली काढून घेते की झालं."

मी घाईनं विचारलं, "सगळ्यांच्याच किल्ल्या काढतेस का गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून खुर्चीकडे. "नाही हो आजोबा. त्या मशीनची फक्त."

थोड्या वेळानं इस्पितळातून फोन आला. सगळे फोटो ज्याच्या त्याच्या नावावर दिसत होते. टकळी माझ्या गळ्यात पडली, हसली, रडली, जिन्यातून खाली ओरडली, "मावशी, मी लग्नाला येतेय गं!" खाली एकच हशा उठला.

मग आम्ही दोघं खुर्चीपाशी गेलो. शाल पुरी झाली होती. काठापर्यंत. शेवटचा धागा कात्रीनं कापलेला नव्हता, दातानं तोडलेला होता. हिला कात्री कधी सापडायचीच नाही. ते टोक अजून ओलं होतं.

टकळीनं शाल खांद्यावर घेतली. "ऊबदार आहे," ती म्हणाली. "आत्ता कुणी मांडीवरून उचलल्यासारखी."

सुया मात्र खुर्चीवर नव्हत्या. राखाडी गोळाही नव्हता.

वेत करकरला, कुणी उठताना करकरतो तसा. डांबरगोळ्यांचा वास आमच्या मधून गेला.

"अगं, थांब तरी. उद्या लग्न आहे," मी म्हणालो.

जिन्यावर सावकाश पावलं वाजली. गलक्यातून वाट काढत ती माझ्या खोलीकडे वळली.