पंचविसावी सभासद

“ध्वनीवाल्यांच्या नादी लागू नकोस. जगभरचे आवाज ऐकतील, बायकोची हाक सोडून,” माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. माझा विषय प्रकाश. ध्वनीशी माझा काय संबंध!

पण भौतिकशास्त्रज्ञांच्या संघाचा अर्ज भरताना, घाईघाईत, प्रकाश गटाऐवजी ध्वनी गटावर खूण पडली. वार्षिक सभेला माझ्या गटाची खोली शोधत गेले, तर दारात ध्वनी गटाचे सचिव. उंच, चष्मा कपाळावर.

“या, या! तुम्ही पंचविसाव्या!”

“अहो, मी चुकून—”

“पंचवीस भरले नाहीत तर गट बंद करतात हो. एवढं वर्ष... राहा ना.”

मग दर महिन्याला मी गट बदलायचा अर्ज घेऊन त्यांच्या तळघरातल्या शांत खोलीत जायचे. भिंतींना हातभर स्पंज. आत स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

“सही करा.”

“पेन सापडत नाहीये.”

“खिशाला आहे ते काय?”

“ते... चालत नाही.”

“आणि तुमचं डोकं?”

“तुम्ही आलात की तेही.”

वैताग नुसता!

वर्ष संपताना एका दुपारी तेच आमच्या प्रयोगशाळेत आले. हातात माझा अर्ज — सही केलेला.

“हे काय? गट बंद पडेल! आठ वर्षं सांभाळलात ना?”

“पडू दे. आधी विचारलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, सभासद टिकवायला विचारतोय.” त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. “आता... विचारू?”

माझं डोकंच फिरलं. “अहो सचिव, नियमावली कधी उघडलीत? एका सभासदाला दोन गट घेता येतात!”

त्यांनी चष्मा घाईने डोळ्यांवर चढवला. “तुम्हाला हे... कधीपासून माहीत?”

“पहिल्या महिन्यापासून,” म्हणाले मी, आणि कान तापले.

आता गटात एकतीस सभासद आहेत, घरात सात महिन्यांची लेक. ती किती जोरात रडते, ते तिच्या बापाला अचूक सांगता येतं. का रडते, ते मला विचारतो.

आज सकाळपासून हा त्याच शांत खोलीत. आत फोन लागत नाही. दाराची आतली मूठ सोमवारपासून अडकतेय, आतून दार उघडतच नाही. “करतो गं दुरुस्त” चाललंय. लेकीचं अंग कोमट लागतंय, तिला टाकून मी जाऊ कशी? तुम्ही तिकडून जाणार असाल, तर जरा तळघरात डोकावा. दार वाजवू नका, आत ऐकू जात नाही. सरळ ढकला. आणि तो बरा आहे ना, तेवढं मला कळवा...