पानांच्या टोपलीतला विडा

"काय हो, तुमच्या वाडीतली पानं रडत्यात व्हय?"

होडी खाडीपलीकडच्या धक्क्याला लागली होती आणि मी टोपली पदराखाली घेऊन उतरत होते. समोर जकातीच्या चौकीवरचा नवा शिपाई उभा. खाकी सदरा, तुटक्या वहाणा आणि डोळ्यांत नको तितकं हसू. त्या दिवसांत मला हसणाऱ्या माणसांचा रागच यायचा.

"विड्याची पानं आहेत. इथल्या महादेवाला," मी म्हटलं.

"मंग महादेवाला सांगा, पानांना भूक लागली हाय."

तेवढ्यात पानांतून एक ओलं काळं नाक वर आलं. मी ते खाली दाबलं, ते पुन्हा वर आलं. तो खो खो हसला आणि मला मात्र भर धक्क्यावर रडू फुटलं. तेव्हा त्याचं हसू एकदम थांबलं. टोपली त्याने हळूच माझ्या हातातून घेतली.

साल छप्पन्न. दिवाळीआधी माझा दादा गेला. कुत्रं चावलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही आणि अलिबागला सुया टोचायला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. पाण्याचा पेला पाहून किंचाळणारा दादा मी पाहिला आहे. त्यावर जास्त लिहिणार नाही. तेराव्यानंतर भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंचायतीला ठराव करायला लावला. गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं दिसेल तिथे मारायचं. आठवड्यात गाव सुनं झालं. आमच्या वाडीत, सुपारीच्या सोलपटांच्या ढिगात, एवढं एक पिल्लू उरलं. मी त्याला चोरून दूध पाजत होते, ते आत्याने पाहिलं.

"भाऊला कळायच्या आत खाडीपलीकडे सोडून ये," ती म्हणाली. "पाण्यापलीकडे नेलेलं कुत्रं माघारी येत नाही."

आमच्याकडे नको असलेली कुत्री-मांजरं अशीच पोचवतात. मारल्याचं पापही लागत नाही.

शिपायाचं नाव रावजी. म्हसळ्याकडच्या भातशेतीवाल्या घरातला. पिल्लाला घर शोधायला तो चार दिवस दारोदार फिरला. पण दादाची बातमी खाडी ओलांडून गेली होती, कुत्र्याचं नाव काढताच लोक दार लावून घ्यायचे.

"मंग मीच ठेवला," पुढच्या सोमवारी तो म्हणाला. "पानात गावला म्हणून नाव ठेवलंय विडा. पट्टा बांधतो, तर रात्रीत कुरतडून टाकतो लेकाचा."

"मालकाचं वळण लागलं असेल."

"मालक चावत न्हाय."

"ते कळेलच," मी म्हटलं, आणि दादा गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. हसले म्हणून लगेच अपराधीही वाटलं.

मी सोमवार धरले होते, म्हणून पलीकडे जायला कुणाची ना नव्हती. पुढे मला गुरुवारीही महादेव आठवू लागला. विडा धक्क्यावर उड्या मारत यायचा, मागून रावजी. आम्ही देवळाच्या पायरीवर दोन हातांचं अंतर ठेवून बसायचो आणि मध्ये विडा. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना कधी बोटाला बोट लागायचं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. होडीवाला तुळशीराम, पुजारी, कोळणी, सगळे मला 'ताई' म्हणायचे. रावजीने एकदाही म्हटलं नाही.

आणि एका सोमवारी मला सांगावं लागलं.

"माझं लग्न ठरलंय. तळा गावचे आहेत, बिजवर. घरात सुतक झालं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. पौष संपला की माघातला पहिला मुहूर्त."

तो विड्याच्या कानातली गोचीड काढत राहिला.

"पहिल्याच दिवशी ताई म्हनलो असतो, तर आज बरं झालं असतं," तो म्हणाला.

"मग का नाही म्हटलंत?"

"जीभ वळली न्हाय."

मला त्याचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, की दोन्हींतलं आधी काय बोलावं ते कळेना. शेवटी म्हटलं, "मग काहीतरी करा."

"काय करू? मी कुनब्याचा. तुमच्या भाऊंनी कुत्री मारायला मानसं लावली. मला..." त्याने वाक्य सोडून दिलं.

पुढच्या सोमवारी तुळशीरामाने होडी सोडली नाही. खाली बघत म्हणाला, "ताई, भाऊंनी बजावलंय. तुमाला न्हाय न्यायचं." आत्याने तोंड उघडलं होतं. घरात मला कुणी रागे भरलं नाही. दादा गेल्यापासून भाऊ ओटीवर बसून नुसता सुंभ वळायचे, रहाटाला लागेल त्याच्या दसपट. आताही वळत राहिले. साड्या आल्या, बांगड्या आल्या. मी वाडीच्या कडेला उभी राहून पलीकडची चौकी बघायचे.

पौषाच्या अमावास्येला पहाटे मी रहाटावर होते. पायाला काहीतरी ओलं लागलं. पाहिलं तर निथळणारा, पोटापर्यंत चिखलाने माखलेला विडा, शेपूट हलवत उभा. अमावास्येच्या ओहोटीला कोळणी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला पार मधल्या वाळूच्या पुळणीपर्यंत चालत जातात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुत्रं पलीकडे सोडताना ते कुणाच्या डोक्यात येत नाही.

मी त्याला उचलेपर्यंत मागे भाऊ उभे होते. हातात काठी.

"बाजूला हो, पद्मा."

"नाही होणार."

"दादाला विसरलीस?"

"दादाला याने नाही मारलं, भाऊ."

"त्या शिपायाचं आहे ना हे?"

"हो," मी म्हटलं. "आणि मीही... मीही त्याचीच आहे. तुम्ही मला तळ्याला पोचवताय ती टोपलीत घालूनच."

काठी खाली आली नाही. भाऊ माझ्याकडे बघत होते, पण त्यांना दिसत होता तो दादाच असावा. दिवाळीपासून ते इतके म्हातारे झाले होते, हे मला तेव्हा दिसलं.

"जा," ते म्हणाले. "पण पाण्यापलीकडे गेलीस, तर माघारी येऊ नकोस."

मी विड्याला छातीशी धरून खाडीत उतरले. चिखलात पाय पोटरीपर्यंत रुतत होते. मधल्या धारेला पाणी कमरेला लागलं, गार, आणि मला दादाचा पेला आठवला. मागे वळले असते तर संपलंच असतं. पलीकडून कुणीतरी शीळ घालत पाण्यात येत होतं.

"ह्याला शोधाया निघालो व्हतो," रावजी म्हणाला.

"आणि मला?"

"तुमाला शोधाया यायची... छाती न्हवती."

"आता दोघांना घर लागेल," मी म्हटलं. त्याने विड्याला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरला.

म्हसळ्याजवळ त्याच्या गावी चार माणसांत आमचं लग्न झालं. आमच्या घरून कुणी आलं नाही. तांदूळ टाकताना सासूबाई रडल्या, त्या आनंदाने नव्हे. आत्याचं म्हणणं माझ्या बाबतीत खरं ठरलं.

आम्ही चौकीशेजारी राहायला परतलो, आणि माघी पौर्णिमेला पहाटेच्या ओहोटीला विडा नाहीसा झाला. गळ्यात पट्टा नव्हताच. भरती आली, खाडी भरली, मी धक्क्यावरच बसून राहिले. दुपारी रावजीने भाकरी आणली, ती तशीच राहिली. मारला असणार, असंच मी धरून चालले.

संध्याकाळच्या ओहोटीला तो आला. पोट टम्म भरलेलं, आणि गळ्यात सुंभाचा तीनपेडी पट्टा. त्याला आमच्या रहाटाच्या दोराला असते तीच दुहेरी गाठ होती. ती गाठ गावात दुसऱ्या कुणाला येत नाही.

"ह्यो काय त्याला कुरतडाया जमायचा न्हाय," रावजी हळूच म्हणाला.

मी पट्टा चाचपून पाहिला. पिल्लू वाढेल म्हणून भाऊंनी त्यात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली होती.