पावसाच्या पल्याडचा समुद्र

त्या दिवशी मी इतकी चिडले होते, की भूम–धाराशिव एसटीत माझ्या शेजारी कोण बसलंय हे येरमाळा येईपर्यंत मी नीट पाहिलंही नव्हतं. मे महिन्याचा पहिला आठवडा. खिडकीतून चुलीसमोर बसल्यासारखी झळ येत होती. हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होतं आणि त्यानंच मी वारा घेत होते... पण राग काही निवत नव्हता.

"जपून... फाटेल ते," शेजारून आवाज आला.

"फाटू दे! फाडायच्याच लायकीचं आहे."

एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. पण दोन दिवस सगळं मनात कोंडून ठेवलं होतं. घरात बोलायची सोय नव्हती. आईच्या नि आबांच्या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार? मग ते सगळं त्या अनोळखी माणसावर कोसळलं.

"तुम्हीच सांगा, श्रीलंकेला समुद्र बघायला जूनमध्ये कोण जातं?"

मी सुटले.

माझे आबा, गोरोबा, तीस वर्षं भूम डेपोत ड्रायव्हर. दिवाळी असो, जत्रा असो, जादा गाड्या म्हणून कायम ड्युटीवर. मे अखेरीला निवृत्त होणार होते. आईनं, सीताबाईनं, जन्मात समुद्र पाहिलेला नाही. "रिटायर झालो की तुला विमानानं समुद्रावर नेतो," असं आबा मी पाचवीत असल्यापासून म्हणत आले होते. आता त्यांनी नि त्यांच्या डेपोतल्या पाच जोडीदारांनी मिळून बायकांसह बुकिंग केलं होतं. धाराशिवच्या एका टूरच्या ऑफिसात.

"मी शाळेत भूगोल शिकवते," मी पत्रक त्याच्या नाकासमोर नाचवलं. "जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर थडकतात. समुद्र खवळलेला असतो, पाण्यात पाय घालू देत नाहीत. आणि यांनी सहाच्या सहा दिवस कुठं ठेवलेत? पश्चिम किनाऱ्यावर! वर छापलंय काय, तर 'सोनेरी ऊन, निळाशार समुद्र'!"

"तिकडचा खरा मोसम डिसेंबर ते मार्च..." तो हळूच म्हणाला.

"बघा! तुम्हाला एसटीत बसल्या-बसल्या कळतं. आणि ज्यानं हा कार्यक्रम आखला त्या गाढवाला कळत नाही!"

त्याला ठसका लागला. मग सावरून त्यानं आपली पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. तेव्हा कुठं मी त्याच्याकडं पाहिलं. कपाळावर भस्माची पुसट रेघ, शांत डोळे, आणि ऐकताना मान किंचित कलती... किती छान ऐकतो हा, असं वाटून गेलं. लगेच स्वतःचाच राग आला. मी भांडायला निघाले होते!

धाराशिवला उतरून मी तरातरा चालू लागले. तोही मागं. मी गल्लीत वळले, तोही वळला.

"माझ्या मागं का येताय?"

"मॅडम... भूमचं काम उरकलं, आता मलाही तिकडंच जायचंय." त्यानं पुढं होऊन ऑफिसचं काचेचं दार उघडलं. कान लालबुंद झाले होते. "या. तो गाढव... मीच. नंदीश माझं नाव."

"दोन तास तुम्ही नुसते ऐकत बसलात?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत..."

आत मालक बसले होते. गार हवेत, पाय पसरून. मी सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईलवरून नजर वर केली नि हसले. "मॅडम, जूनमध्ये हॉटेल स्वस्त पडतं. आणि तुमच्या भूमला पाऊस असतो कुठं? तिकडं बघायला मिळेल. बोनस समजा!"

बोनस! ज्या गावच्या माणसांनी आयुष्यभर आभाळाकडं बघून पेरणी ठरवली, त्यांना हे मोसम शिकवणार! मी नंदीशकडं वळले. "सांगा ना यांना. बसमध्ये मला सांगितलंत तसं. डिसेंबर ते मार्च..."

मालकांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं टेबलाकडं.

"कार्यक्रम साहेबांनी ठरवलाय," तो पुटपुटला.

मालकांचं हसणं परवडलं, पण हे... हे मला फार लागलं. "चुकलेच मी," मी म्हटलं. "गाढव निदान लाथ तरी मारतं." आणि बाहेर पडले.

घरी आले तर आई नवी साडी उलगडून बसली होती. "खाऱ्या पान्यात रंग जात न्हाय म्हनला दुकानदार. दोनदा इचारून घेतलं." मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेले आणि तिथंच थोडा वेळ उभी राहिले. सांगू कसं?

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर नंदीश. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कागदांची पिशवी.

"आता काय विकायला आलात?"

"काकांना भेटायचंय, मॅडम. तुम्ही रागवा... पण आत येऊ द्या."

आबांनी आतूनच हाक दिली, "येऊ दे गं, उन्हात हुबा हाय त्यो." आईनं पाणी दिलं. तो सतरंजीवर बसला, पण पाणी प्यायला नाही. आधी बोलला.

"काका, तुम्ही जाताय तिथं जूनमध्ये पाऊस असतो. समुद्रात उतरता येणार नाही. मला मार्चपासून माहीत होतं. मी साहेबांना सांगितलं होतं, ते म्हणाले तोंड बंद ठेव. चार महिन्यांची नोकरी, मी ठेवलं. त्या दिवशी मॅडमसमोरही ठेवलं." "त्यानंतर मला जेवण गेलं नाही. तुमच्या पाचही मित्रांना काल फोन करून सांगितलंय. तुम्हाला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आलो."

आई साडीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. तिचा तो हात पाहिला आणि माझा ताबा सुटला.

"आता सांगून काय उपयोग? विमानाची तिकिटं निघालीत, तारखा बदलत नाहीत! मार्चमध्ये तोंड उघडलं असतं तर?"

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. सबब नाही, गयावया नाही. अशा माणसाशी भांडणंसुद्धा धड करता येत नाही!

आबा मात्र वेगळ्याच विचारात होते. "समू, पाऊस कुनीकडनं येतो म्हनलीस?"

"पश्चिमेकडून, आबा."

"मधी डोंगर हाय का?"

"आहे. बेटाच्या मधोमध."

"मंग डोंगराच्या पल्याड काय हाय?"

मी तोंड उघडलं... आणि तसंच राहिलं. दरवर्षी फळ्यावर आकृती काढून पर्जन्यछाया शिकवते मी. रागाच्या भरात मला पश्चिमेपलीकडं काही दिसलंच नव्हतं! मी नंदीशकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं. आणि दोघं एकदमच बोललो –

"पूर्व किनारा!"

"त्रिंकोमाली!" तो पिशवीतले कागद उपसू लागला. "तिकडं हिवाळ्यात पाऊस असतो. जून म्हणजे तिथला मोसम! समुद्र शांत, ऊन लख्ख. कड्यावर महादेवाचं देऊळही आहे, काका!"

"आमचा बाप मेंढरं राखायचा," आबा शांतपणे म्हणाले. "चिखलात मेंढराचं पाय कुजत्यात. म्हून पाऊस सुरू झाला की त्यो कळप घिऊन डोंगराच्या कोरड्या अंगाला यायचा. आपलं भूम म्हंजे तेच अंग. लोक नावं ठिवत्यात, पर मेंढरं जगली ती हितंच."

"आन् बेट हाय म्हनता," आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "तर समुद्र दोनी अंगाला असंलच की. मला कंचा बी चालंल."

नंदीश हसला. गालाला खळी पडते त्याच्या... हे मला उगाचच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सहा ड्रायव्हर-कंडक्टर खाकी शर्ट घालून त्या ऑफिसात जाऊन बसले. आवाज कुणी चढवला नाही. "पूर्वेचा किनारा द्या, न्हायतर आमी हितनं हालत न्हाय," एवढंच. आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत जायला लागलं तशी दुपारपर्यंत मालकांनी हॉटेलं बदलली. विमान तेच, तारखा त्याच.

फक्त नंदीशला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

हे मला आठवड्यानं, तेही आबांकडून कळलं. मी तडक फोन लावला.

"नोकरी गेली आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्ही चिडाल म्हणून..."

"मग आता काय मी आनंदानं नाचतेय?"

पलीकडून हलकेच – "मॅडम, तुम्ही माझ्यासाठी चिडलात... की माझ्यावर?"

"दोन्ही!" मी फोन ठेवला.

त्याला सोलापूरच्या एका टूर कंपनीत काम मिळालं. तामलवाडीहून, त्याच्या गावाहून, ते जवळही होतं. पण रोज संध्याकाळी मला त्याचा मेसेज यायचा. 'त्रिंकोमाली : आकाश निरभ्र, वारा मंद.' मी उलट विचारायचे, वारा मंद म्हणजे ताशी किती? तो आकडा पाठवायचा. मी चूक काढायचे. एकदा मेसेज आला नाही, तर मी रात्री जेवताना आईवर विनाकारण डाफरले. सकाळी दोन आले. 'काल रेंज नव्हती. तुम्ही वाट पाहिलीत?' मी लिहिलं, 'अजिबात नाही.' आणि फोन उशीखाली सारला... मग पुन्हा काढून वाचला.

दर आठवडी बाजाराला तो भूमला यायचा. खवा घ्यायला!

"सोलापुरात खवा मिळत नाही?" मी पहिल्यांदा विचारलं.

"आईला भूमचाच लागतो."

"दर आठवड्याला?"

"आमची आई... फार गोड खाते."

चार आठवडे हे असंच. चार किलो खवा. पण बोलायचं नाव नाही! शेजारून चालायचा, माझ्या हातातली जड पिशवी न विचारता घ्यायचा, सायकली आल्या की अलगद मला कडेला करायचा. आणि एसटीची वेळ झाली की, "येतो मॅडम." मी घरी जाऊन कांदे असे काही चिरायचे, की आई विचारायची, "कांद्यानं काय घोडं मारलंय?"

जून अर्ध्यावर आला, शाळा सुरू झाली. आई-आबा उडाले. तिसऱ्या दिवशी भूमचा बाजार होता. शाळा सुटल्यावर मी मेथीची जुडी निवडत उभी होते, नंदीश शेजारी खव्याचा डबा धरून, आणि फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल.

"समू, ह्ये बघ!"

पडद्यावर निळं पाणी. नुसतं निळं, लख्ख उन्हात चमचमणारं. मग थरथरत चित्र फिरलं आणि आई दिसली. साडी घोट्याच्या वर धरलेली, केस विस्कटलेले, आणि चेहरा... असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

"लई मोठा हाय गं... आन् सारखा हालतोय. ऱ्हातच न्हाय एका जागी." मी डोळे पुसायला हात वर केला, तर नंदीशनं आधीच रुमाल पुढं केला होता.

"तुज्या मागं कोन हाय? नंदीश न्हवं?"

"नमस्कार काकू."

"तू भूमला काय करतोस रं?"

"खवा घ्यायला आलोय..."

"काय? लाटा लई हायती, ऐकू येत न्हाय!"

"खवा, काकू! खवा!"

"हवा? हवा लई झ्याक हाय!"

मला हसू आवरेना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग खव्याचा डबा मेथीवालीच्या गोणपाटावर ठेवला, फोन माझ्या हातातून घेतला नि पोटातून ओरडला –

"काकू, खवा-बिवा काही नाही! मी तुमच्या लेकीसाठी येतो! मला त्या आवडतात! मला लग्न करायचंय त्यांच्याशी!"

बाजार थांबला. खरंच थांबला. वांगीवाल्याचा तराजू हवेत तसाच.

"हे... हे आधी मला सांगायचं की माझ्या आईला?" माझा आवाज चिरका झाला. "चार आठवडे मूग गिळून बसलात आणि आता भर बाजारात? ओरडून?"

"भीती वाटायची. तुम्ही चिडाल..."

"चिडलेच आहे मी! तुम्हाला कल्पना नाही, मी किती चिडलेय! दर आठवड्याला वाट बघायची, आणि तुम्ही आपले खवा घेऊन चालू पडायचे!"

तो बघतच राहिला. "वाट... बघायची?"

मी जीभ चावली. पण उशीर झाला होता. पडद्यावर आता आईच्या खांद्यावरून आबांचं तोंड घुसलं होतं.

"ती काय म्हनती? समू, जोरात बोल की!"

मी फोन ओढून घेतला. भोवतीच्या सगळ्या माना माझ्याकडं वळलेल्या, समोर तो, श्वास रोखून. "हो म्हणतेय मी, आबा! हो!"

"आल्यावं बोलू," आबा म्हणाले. पण मिशीतल्या मिशीत हसत होते. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि तेवढ्यात एक लाट येऊन तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. कॉल तुटला.

"मॅडम..." नंदीश म्हणाला.

"खबरदार! पुन्हा मॅडम म्हणालात तर..."

"मग काय म्हणू?"

"माझं नाव माहीत नाही तुम्हाला?"

तो जरा जवळ सरकला. कान पुन्हा लाल झालेले. इतक्या हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं, तो म्हणाला, "समृद्धी..."

"अरं जोरात बोल की," मेथीवाली खेकसली. "आमाला बी ऐकू दी!"