अर्थिंग चांगलं आहे

काकूंचा फोन आला तेव्हा मी एका दवाखान्यात पंख्याचा रेग्युलेटर बदलत होतो. मेनबोर्डाच्या झाकणात पेन्सिलने लिहिलेला नंबर सापडला, म्हणाल्या. बाथरूमबाहेरची भिंत गरम लागते, मुलगा-सून रांगत्या नातीला घेऊन कायमचे राहायला येणार आहेत, तर बघून जाल का? मग पत्ता सांगू लागल्या. त्याची गरज नव्हती. नऊ वर्षं मी त्या गल्लीतून जायचं टाळत होतो.

त्या घराचं सगळं वायरिंग मीच नवं केलं होतं. तेव्हा मी एका कंत्राटदाराच्या हाताखाली होतो. गिझर, वॉशिंग मशीन, कशातही करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, म्हणून प्रत्येक प्लगला एक हिरवी वायर असते. ती परसात पुरलेल्या पट्टीपर्यंत न्यायची असते. कंत्राटदाराला घाई होती. तो म्हणाला, प्लगमागे वीतभर हिरवा तुकडा लाव आणि पाइपात सारून दे. तपासणारा झाकण उघडून बघतो, वायर ओढून कोणी बघत नाही. मी पाच प्लगना पाच तुकडे लावले. हात सफाईदार होता माझा. खोटं काम खऱ्यासारखं दिसलं.

काही महिन्यांतच काका गेले. बाथरूममध्ये, गिझर चालू, हात नळावर. डॉक्टर हार्ट म्हणाले. मीही मनाशी हार्टच म्हणत राहिलो. भेटायला मात्र गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दार उघडलं. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि मीही ओळख दिली नाही.

पॅसेज अरुंद होता, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला ती भिंत. हात ठेवला. वायर तापली की भिंत चटका देते, प्लास्टरला करपट वास येतो. इथे तसं काही नव्हतं. तान्ह्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा, इतकंच ऊबदार. मेन स्विच बंद केला, तासभर थांबलो. ऊब तेवढीच.

काकू सहज सांगत होत्या. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग मशीनची कॉइल जळली, पत्र्यात करंट उतरला, आणि त्या ओल्या हातांनी मशीनला टेकून उभ्या होत्या. काही झालं नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, तुमचं अर्थिंग चांगलं आहे, नाहीतर कारभार आटोपला होता. त्या दिवशी ही भिंत फार तापली होती, एवढं त्यांना आठवत होतं.

मी पान्हा खाली ठेवून स्क्रूड्रायव्हर घेतला.

मग स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला. हिरवा तुकडा जागेवर होता, स्क्रूवर माझीच गाठ. चिमटीत धरून ओढला. वीतभर तुकडा हातात यायला हवा होता. तो आला नाही. पाचही बोर्ड उघडले, पाचही वायरी पाइपात दूरवर गेलेल्या. कुठे जोड नाही, टेप नाही.

पॅसेजमधलं प्लास्टर मी छिन्नीने फोडलं. पाचही वायरी तिथे एकत्र येऊन एकाच वायरीला पीळ घातल्यासारख्या मिळाल्या होत्या, आणि ती एक वायर दोन विटांच्या फटीत शिरत होती. पलीकडे बाथरूम. जाऊन पाहिलं. नळाखालच्या फरश्या अखंड, कुठे चीर नाही.

मेन चालू करून टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला लावलं, दुसरं त्या हिरव्या वायरीला. जमिनीपर्यंत वाट नसेल तर दिवा लागत नाही.

दिवा लख्ख पेटला.

भिंतीवर टेकलेल्या माझ्या डाव्या हाताखाली ऊब वाढत गेली. मग हाताखालचं प्लास्टर बारीक थरथरू लागलं. दिवा पेटलाय म्हणजे करंट कुठून तरी जातोय, कशातून तरी जातोय, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीरच झाला. मी टोक ओढून काढलं.

थरथर हळूहळू थांबली.

पुढचे तीन दिवस मी परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, प्रत्येक प्लगपासून नवी वायर ओढून तिथे जोडली. जुन्या वायरी बोर्डातून सोडवल्या. नवं अर्थिंग पाच वेळा तपासलं. चौथ्या दिवशी विटांतली ती एक वायर तेवढी उरली. ओढली. जराशी आली आणि ताठ झाली. मी जोर लावला तसा पलीकडूनही जोर लागला.

मी वायर सोडून काकूंकडे गेलो. त्या नातीच्या दुपट्याला टीप घालत होत्या.

"काकू, काका हार्टने गेले नाहीत. हे वायरिंग मी केलं होतं. अर्थिंग जोडलंच नव्हतं."

सुई थांबली. त्यांनी दुपटं बाजूला ठेवलं.

"ह्यांनी आतून हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, टॉवेल विसरले असतील, येते हातातलं संपवून. नऊ वर्षं मी तेच डोक्यात घेऊन जगतेय. तुम्हाला एकदाही यावंसं वाटलं नाही?"

मी हाताला लागलेली प्लास्टरची धूळ पुसत राहिलो.

"आता नीट केलंत?"

"हो."

"पोरीला काही होणार नाही?"

"नाही."

त्या उठल्या, पॅसेजमध्ये आल्या. भिंतीवर तळहात ठेवला आणि झोपलेल्या माणसाला उठवावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, झालं सगळं. सोडा आता."

मग मला म्हणाल्या, "ओढा."

वायर अलगद आली. पाचेक फूट असेल. काकूंनी हात काढला, मी माझा ठेवला. भिंत गार होती.

टोकाकडचं हिरवं आवरण सोललेलं होतं. भिंतीत इतकी वर्षं राहिलेलं तांबं काळं पडायला हवं. हे नव्यासारखं चकचकीत होतं, आणि एका बाजूने चार ठिकाणी झिजून बारीक झालं होतं. दुसऱ्या बाजूने एका ठिकाणी, मुठीत धरल्यावर अंगठा टेकतो तिथे.