सवलतीचा उच्चार

पोर्तुगालमधल्या सेतुबालच्या बाजारात आता वस्तूंवर किमती लिहिलेल्या नसत. विचारावी लागे. प्रत्येक गाळ्यावर बोराएवढं एक काळं यंत्र होतं. विचारणाऱ्याचा आवाज ऐकून, तो माणूस इथलाच की बाहेरचा, हे ते ठरवी. इथल्यांसाठी हिरवा दिवा आणि सवलत. बाहेरच्यांसाठी पिवळा दिवा आणि पूर्ण किंमत. लोक त्याला स्वरपारखी म्हणत.

वेंगुर्ल्याहून आलेली वृषाली धुरी तिथल्या धुलाईघरात कामाला होती. तिच्या कानात दुभाष्या होता, त्यामुळे समोरच्याचं सगळं कळे. पण दुभाष्यातून बोललं की पिवळा दिवा ठरलेला. म्हणून ती स्वतःच्या तोंडाने पोर्तुगीज शिकू लागली.

शिकवायला शेजारच्या दोना अल्झीरा होत्या; दोना म्हणजे तिकडचं 'बाई'. वय एकोणऐंशी, जन्म याच बाजारामागच्या गल्लीतला.

"क्वांतु कुश्ता?" वृषाली म्हणे. केवढ्याला?

"शब्द गिळ जरा. आम्ही अर्धं गिळूनच बोलतो."

"तें देश्कोंतु?" सवलत आहे का?

"भीक मागतेस काय? हक्काने विचार!" असं म्हणून दोना टेबलावर थाप मारत आणि खो खो हसत.

पाच महिन्यांनी मासळीच्या गाळ्यावर वृषालीने बांगड्यांचा भाव विचारला आणि दिवा हिरवा झाला. हातातली पिशवी तिथेच टाकून तिने सोबत आलेल्या दोनांना मिठी मारली. त्या दिवसापासून दोघींचा बाजार बरोबरच होऊ लागला.

जानेवारीत दोनांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण जीभ जड झाली. महिन्याभराने वृषालीचा हात धरून त्या पहिल्यांदा बाजारात आल्या. मासळीच्या गाळ्यापुढे ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी भाव विचारला.

दिवा पिवळा झाला.

"आपलं स्वागत आहे," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "आपल्याला दुभाष्या हवा आहे का? कृपया आपली भाषा निवडा."

दोनांनी पुन्हा विचारलं, अधिक जोरात. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. यंत्राने भाषांची यादी वाचायला सुरुवात केली. मागे रांगेतले लोक जमिनीकडे पाहू लागले.

न राहवून वृषालीने दोनांसाठी भाव विचारला. दिवा क्षणभर हिरवा झाला आणि लगेच पिवळा. "हा आवाज दुसऱ्याच्या खरेदीसाठी वापरला जात आहे. या आवाजाची सवलत थांबवण्यात आली आहे."

गाळ्यावरची बाई, फिलोमेना, दोनांना लहानपणापासून ओळखत होती. "अहो, या इथल्याच आहेत!" ती यंत्रावर ओरडली. मग हळूच म्हणाली, "माझ्या हातात काही नाही. किंमत तेच लावतं."

वृषालीने दोनांच्या नावाने नगरपालिकेत अर्ज केला. उत्तर आलं: तपासणीसाठी अर्जदाराने स्वरपारखीसमोर तीन वाक्यं स्पष्ट म्हणावीत.

मग त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी शिकवणी सुरू झाली. आता वृषाली म्हणे आणि दोना तिच्या ओठांकडे बघून गिरवत. "क्वांतु" यायचं, "कुश्ता" मात्र तोंडातच विरघळून जायचं. पहिल्या तपासणीत त्या नापास झाल्या, दुसरीतही. तिसऱ्या तपासणीच्या दिवशी त्यांनी कोट घालायला नकार दिला. त्यानंतर त्या घरातही बोलेनाशा झाल्या. वृषाली पूर्ण किंमत देऊन दोघींचं सामान आणी. दोना मान हलवून आभार मानत.

एप्रिलमधल्या एका दुपारी वृषाली त्यांना सूप वाढत होती. दोनांनी तिचं मनगट धरलं. कितीतरी दिवसांनी त्यांचे ओठ हलले. शब्द इतके मोडके होते की तिच्या कानातला दुभाष्याही गप्प राहिला. पण वृषालीला ते नीट कळले.

"माझ्या आईने मला हीच भाषा दिली," दोना म्हणत होत्या. "ही माझी नसेल, तर मी कुठली गं?"