फुटलेला पिंजरा

कीटकशास्त्रज्ञाची कवटी तीन ठिकाणी फुटली होती. भिंतीवर, कपाटावर, कीड वाढवण्याच्या भोपळ्यांवर रक्त उडालं होतं.

"भाऊ गेला, आता नवराही जाणार," त्याची बहीण रडत म्हणाली. "ताई, यांनी नाही हो मारलं!"

तिचा नवरा कीटकनाशकं विकायचा. मेहुणा फळझाडांवरच्या पिठ्या ढेकणांना संपवणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या वाढवायचा; भोपळ्यांवरची कीड हे त्यांचं खाद्य. त्या बागांत सुटल्या की दुकान बसणार. पोलिसांना एवढं पुरे होतं.

गुप्तहेर ताई फरशीवर रांगत होत्या. त्यांचे सोबती, निवृत्त फौजदार, दारातच थांबून सांगू लागले.

"मृत्यू चार ते आठच्या दरम्यान. झटापटीत पिंजरा फुटला, नंतर मारेकऱ्यानं खोलीभर औषध फवारलं. एक माशी वाचली नाही."

बंद खिडकीच्या काचेखाली मेलेल्या माश्यांचा काळा थर होता. ट्यूबलाइटखालची फरशी मात्र स्वच्छ. भिंतीवरच्या नकाशात शास्त्रज्ञानं किडीच्या जागा तारखांसह मांडल्या होत्या. सर्वांत जुना ठिपका याच आवारात.

"सहापर्यंत दुकानात होतो, गिऱ्हाइकं सांगतील," नवरा म्हणाला. "सातला इथं आलो. दार उघडलं नाही, परत गेलो."

"खोटं!" शास्त्रज्ञाचा सहायक उसळला. "सातला अंधार होता, ट्यूब लागलेली. मी व्हरांड्यातून पाहिलं. पिंजरा फुटला, मग यानं डोक्यात सळई घातली."

"दिवसभर तुम्ही कुठं होता?" ताईंनी त्याला विचारलं.

"इथंच. भोपळे बदलत होतो."

"जुने उकळून टाकता ना? नाहीतर कीड बाहेर पसरते."

"हो... म्हणजे, रोज कुठं जमतं? मागच्या खड्ड्यात टाकतो."

ताई उठल्या. "फौजदारसाहेब, या माश्या उजेडाकडे झेपावतात. अंधारात पिंजरा फुटला असता तर ट्यूबखाली मेल्या असत्या. त्या खिडकीशी मेल्या. म्हणजे बाहेर ऊन होतं, आणि हल्ली ऊन सहाच्या आतच जातं. तेव्हा हिचे यजमान दुकानात होते, आणि इथं हे सहायक."

"पण कशासाठी?"

"कीड या खड्ड्यातून पसरली. शास्त्रज्ञांनी माग काढला होता, यांची चूक उघडी पडणार होती."

सहायकानं फुटक्या पिंजऱ्याच्या काचेचा तुकडा उचलून ताईंच्या गळ्यावर झेप घेतली. फौजदारांनी त्याचा हात पिरगळला; मनगट कडकन मोडलं. तो किंचाळत खाली कोसळला. त्यांनी पुन्हा मूठ उगारली.

"थांबा," बहीण म्हणाली. ती त्याच्यासमोर बसली. "दादा शेवटी काय म्हणाला?"

मोडलेलं मनगट छातीशी धरून तो बोलला.

"म्हणाले, घाबरू नकोस. चूक कबूल करायला मीही येतो तुझ्याबरोबर."