मेन उचलण्याआधी

वालूरच्या केशरबाईची जुनी एक्स-रे फिल्म परभणीला पाठवायची, एवढंच काम होतं. पाच मिनिटांचं.

सेलूतल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात, पुढच्या दोन खोल्यांत एक्स-रे सेंटर चालायचं. तिथं माधवी कॉम्प्युटरवर बसायची. सकाळी आठला तिनं कुलूप उघडलं तेव्हा धुकं असं दाटलं होतं, की समोरचा कापसाचा ढीगही दिसत नव्हता. नुसता पांढरा काळोख.

तेवढ्यात परभणीहून डॉक्टरांचा फोन.

"माधवी, म्हातारी गाडीत बसलीय. आमचं एक्स-रे मशीन बंद पडलंय. साडेआठच्या आत फिल्म आली तर आज ऑपरेशन, नाहीतर पुढची तारीख पंधरा दिवसांनी. उजवी मांडी मोडून महिना झाला बिचारीला."

"पाठवते सर."

पण फिल्मा होत्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर, आणि त्याचा ड्राइव्ह पुढच्या लिनक्स मशीनला आपोआप जोडला जाईल तर शपथ! रोजचंच रडगाणं. मशीन सुरू होताना दीड मिनिट ताटकळायचं, मग लाल अक्षरांत नकार द्यायचं. फोल्डर उघडावा तर रिकामा. नऊनंतर हातानं आज्ञा दिली की मात्र मुकाट जोडला जायचा. आज तिनं दोनदा, चारदा, सहादा आज्ञा दिली. नकार.

"जोड की रे मेल्या!" ती स्क्रीनवर खेकसली. डोळ्यांत पाणी आलं वैतागानं.

मागं जाऊन सर्व्हर बघावा, तर त्या अंधाऱ्या, सरकीच्या वासानं कोंदलेल्या खोलीत एकटीनं जायची तिची छाती होत नव्हती. भिंतीवर पाल चुकचुकली तरी दचकणारी पोरगी ती.

शेवटी मशीन उठताना जी यादी वाचतं, ती तिनं उघडली. ड्राइव्हच्या ओळीत भर घातली: आधी नेटवर्कची वाट बघ, अन् कुणी फोल्डर उघडला तरच जोड. मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी ते ताटकळलं नाही. तिनं फोल्डर उघडला...

केशरबाईचं नाव सगळ्यात वर! उघडून बघण्याइतकाही दम तिला नव्हता. सव्वाआठला तिनं फिल्म पाठवून दिली.

दारात आवाराचा राखणदार आश्रुबा उभा होता, घोंगडी पांघरून.

"मामा, जमलं एकदाचं! मागचा सर्व्हर जोडला गेला."

"थट्टा करायलीस का पोरी? लायटीचा मेन खटका तर पाडलेलाच हाय."

"म्हणजे?"

"कापसाचं आवार हाय. ठिणगी पडली की खलास. सांजच्याला मेन पाडायचा, सकाळी ढिगाभवती हिंडून वास घ्यायचा, अन् नऊला उचलायचा. आमच्या बापापासूनची रीत हाय ही. तुझं टेबल तेवढं इन्व्हर्टरवर चालतंय. मागं समदं मुडदं हाय."

असं होतं तर. आठला सर्व्हर बंदच असायचा. मग आत्ता...

तिनं पाठवलेली फिल्म उघडली. कोपऱ्यात डाव्या बाजूची खूण होती. मोडलेली मांडी डावी होती.

आता डॉक्टर धडधाकट पायच चिरणार! तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. कुणी उचलेना. नऊला आश्रुबानं मेन उचलला, मागं सर्व्हर घरघरला. तिनं फोल्डर नव्यानं उघडला. केशरबाईची एकच फिल्म होती त्यात, उजव्या पायाची. डाव्या पायाची कुठंच नव्हती.

साडेनऊला डॉक्टरांचाच फोन आला.

"सर, थांबा! ती फिल्म चुकीची..."

"चुकीची कशी? म्हातारी आमच्या पायरीवर पडली, नऊच्या सुमाराला. डावी मांडीपण गेली. तू पाठवलीस ती तिचीच आहे, तंतोतंत; हाताला लागतंय तिथंच मोडलंय." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण ती तर सव्वाआठला आली, माधवी... काढली कुणी?"

तिनं पाठवलेली फिल्म पुन्हा समोर घेतली.

"आणि त्यात एक हात आलाय. गुडघ्याच्या वर. आधी वाटलं, पाय हलू नये म्हणून कुणीतरी धरलाय... पण तो धरत नाहीये गं. ओढतोय."

पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस कण्हत होतं.

"केशरबाईपण तेच सांगायलीय, कुणीतरी पाय ओढला म्हणून," डॉक्टर म्हणाले. "पायरीवर एकटीच होती ती..."